रक्त वाढलेली कॅशियर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. माझ्या ओळखीतल्या बायकांचं हिमोग्लोबिन नऊ, साडेनऊ, फार तर अकरा. माझं निघालं १८.४. शाखेत ही बातमी फुटली तेव्हा सगळे हसले. शेजारच्या काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "अहो, थोडं इकडे द्या की." मीही हसले. कॅश कमी भरली तर घाम फुटतो आणि जास्त भरली तरी फुटतोच, हे आमच्यापैकी कुणालाच त्या क्षणी आठवलं नाही.

मी सांगलीतल्या एका बँकेत कॅशियर. त्याआधी वर्षभर माझं डोकं दुखत होतं, आणि आंघोळ झाली की अंगाला मुंग्या डसल्यासारखी खाज सुटायची. पुरळ नाही, गांधी नाहीत, नुसती खाज, पाऊण तास. ॲलर्जी म्हणून साबण बदलले, कडुनिंबाचा पाला टाकून पाहिला, पाण्याची टाकी धुऊन घेतली. शेवटी बँकेच्या वार्षिक तपासणीत रक्ताचा तो आकडा आला आणि पुण्याच्या रक्तविकारतज्ज्ञांनी जनुकीय चाचणी करून नाव सांगितलं: पॉलिसायथेमिया व्हेरा. खाज त्याचीच. गरम पाण्याने जास्त होते.

अस्थिमज्जेतल्या एखाद्या मूळ पेशीत जेएके२ नावाच्या जनुकात बिघाड होतो आणि तांबड्या पेशी गरज नसताना तयार होत राहतात. रक्त दाट होतं. दाट रक्तात गुठळ्या होतात, आणि गुठळी कुठे जाऊन अडकेल सांगता येत नाही. वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्या माणसाला होणारा हा आजार. पॅरिसच्या व्हाकेझ यांनी तो १८९२ मध्ये पहिल्यांदा नोंदवला, ऑस्लर यांनी १९०३ मध्ये नीट मांडला, आणि जनुकातला बिघाड सापडायला २००५ साल उजाडलं. शंभरातल्या पंचाण्णव रुग्णांमध्ये तो एकच बिघाड असतो. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या गटाच्या नावातला 'विकार' काढून तिथे कर्करोगाच्या घराण्यातला शब्द घातला. माझं निदान त्यानंतरचं, त्यामुळे माझी फाइल पहिल्या दिवसापासून कॅन्सरची.

पण हा 'चांगला' कॅन्सर. हे मला इतक्या जणांनी सांगितलंय की आता मोजत नाही. केस गेले नाहीत, केमोची खुर्ची नाही, बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षं जगतात. हे खरं आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्रास वेगळाच होता. या आजारात चेहरा लालसर होतो. त्यामुळे ज्या महिन्यात मला जिना चढवत नव्हता त्याच महिन्यात पेन्शनला येणारे आजोबा काचेपलीकडून म्हणत, "मॅडम, तब्येत झकास सुधारली तुमची." घरी सासूबाईंना कुणीतरी रक्ताचा आजार एवढंच सांगितलेलं. त्यांनी बीट, खजूर, काळे मनुके आणि अळिवाचे लाडू असा मारा सुरू केला. सासूबाईंच्या पिढीत रक्ताचा आजार म्हणजे रक्त कमी. ते जास्त होऊ शकतं, हे त्यांना पटवायला नवऱ्याला एक अख्खी संध्याकाळ लागली. पटल्यावर त्या म्हणाल्या, "मग डब्यातल्या लाडवांचं काय करू?"

उपचाराचा पहिला भाग अगदी जुन्या जमान्यातला आहे. रक्त काढून टाकायचं. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती ते सांगणारा हिमॅटोक्रिट नावाचा आकडा असतो, तो ४५ टक्क्यांच्या खाली ठेवायचा. हा आकडा कुणी अंदाजाने ठरवलेला नाही. इटलीत झालेल्या एका मोठ्या चाचणीत तो ४५ च्या वर राहू दिलेल्या रुग्णांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांमुळे होणारे मृत्यू आणि मोठ्या गुठळ्या जवळजवळ चौपट आढळल्या. ते निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. सोबत रोज कमी डोसची ॲस्पिरिन. माझा पहिला हिमॅटोक्रिट ५६ होता.

रक्त काढायला मी मिरजेला जाते. सांगलीकरांना दवाखाना म्हटलं की मिरज, हे आजीच्या काळापासूनचं. रक्तपेढीत तीन पलंग ओळीने. पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारच्या पलंगावर कॉलेजचा एक मुलगा रक्तदान करत होता. त्याच्या हातात रबरी चेंडू, माझ्याही. त्याची ३५० मिलीची पिशवी बघता बघता भरली. माझी भरेना. टेक्निशियन ताई पिशवी हलवणाऱ्या यंत्राकडे बघत म्हणाल्या, "जाड आहे हो, सावकाश येतंय. मूठ दाबत राहा." नळीतून येणारा रंग त्याच्या रंगापेक्षा काळपट होता. झाल्यावर त्याला कॉफी, ग्लुकोजची बिस्किटं आणि प्रमाणपत्र मिळालं. मलाही कॉफी मिळाली. मग ताईंनी जाड मार्करने माझ्या पिशवीवर आडवी-उभी फुली मारली, 'टाकाऊ' असं लिहिलं आणि ती वेगळ्या, पिवळ्या पिशवी लावलेल्या डब्यात ठेवली. असं रक्त दुसऱ्याला चालत नाही. समोर भिंतीवर रक्तदान श्रेष्ठदानाचं पोस्टर. आमच्या बँकेच्या शिबिरात मी दरवर्षी पहिल्या दहांत असायचे. त्या पिशवीवरच्या फुलीने मला जेवढं खचवलं तेवढं 'कॅन्सर' या शब्दाने खचवलं नव्हतं. हे मी बरेच महिने कुणाला सांगितलं नाही, कारण सांगून ते कुणाला पटेल असं वाटेना.

रक्त काढत राहिलं की शरीरातलं लोह संपतं, आणि ते मुद्दाम संपू दिलं जातं, कारण लोह मिळालं की मज्जा पुन्हा जोमाने कामाला लागते. म्हणजे रक्त जास्त असलेल्या बाईला लोहाच्या कमतरतेचा थकवाही येतो. गळून जाणं, लक्ष न लागणं, रात्री पायांची चुळबुळ. हा सगळा थकवा घेऊन मी रोज सकाळी दहा वाजता कॅश उघडत होते.

कॅशियरचं काम बाहेरून कंटाळवाणं दिसतं. आतून ते सतत सावध राहण्याचं काम आहे. नोटांचा तपशील, स्लिप, मशीन, शिक्का, पुन्हा नोटा. रक्कम कमी भरली तर खिशातून घालावी लागते. पूर्वी मी समोरच्या माणसाशी बोलत बोलत गड्डी मोजायचे आणि चुकायचे नाही. आता मशीनवर शंभर आकडा दिसला तरी मन मानेना. ओल्या स्पंजच्या डबीत बोट बुडवून हाताने मोजायची. शंभर. पट्टी लावायची, सही करायची, आणि सही करता करता वाटायचं की मधे एक नोट दुमडलेली होती का? पट्टी सोडायची. रांगेतली माणसं माना वाकडी करून बघायची. चारनंतर कॅश बरोबर भरली तरी सुटल्यासारखं वाटायचं नाही. दुसऱ्या किल्लीवाल्या साहेबांबरोबर स्ट्राँगरूम बंद करून घरी गेले तरी रात्री अकराला मी मनातल्या मनात पाचशेच्या गड्ड्या मोजत असायचे.

दुसरी भीती पक्षाघाताची. डाव्या हाताला मुंग्या आल्या की मी काउंटरवर 'दोन मिनिटांत येते' ही पाटी लावायची आणि स्वच्छतागृहात जाऊन आरशासमोर हसून बघायची. तोंड एका बाजूला वाकडं होतंय का? मग दोन्ही हात वर. मग स्वतःशीच एखादं अवघड वाक्य. बाहेर कुणी उभं असेल तर मी मोठ्याने बोलतेय हे ऐकू जायचं. मुंग्या यायच्या त्या माऊसवर मनगट टेकवून बसल्याने. पण जिला डॉक्टरांनी खरोखरच सांगितलंय की तुम्हाला गुठळीचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे, तिला 'उगाच घाबरू नका' असं सांगून काय उपयोग? माझी भीती खोटी नव्हतीच. ती दिवसातून सात वेळा येत होती, हे बिघडलेलं होतं.

याच सुमारास औषध बदललं. सुरुवातीला हायड्रॉक्सीयुरिया होतं. त्याने तोंडात फोड यायला लागले, तिखट कालवण जाईना. वयाचा विचार करून डॉक्टरांनी आठवड्याला एक पेगिलेटेड इंटरफेरॉनचं इंजेक्शन सुरू केलं. चांगलं औषध आहे. काही रुग्णांत ते बिघडलेल्या पेशींचं प्रमाणच हळूहळू कमी करतं. सुरू करण्याआधी डॉक्टरांनी विचारलं होतं, पूर्वी कधी नैराश्य आलंय का, घरात कुणाला होतं का? मी नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं. त्यांनी नवऱ्यालाही बोलावून सांगितलं की मूडवर लक्ष ठेवा. शनिवारी संध्याकाळी पोटावर सुई, रविवारी फ्लूसारखं अंग मोडून येणं, सोमवारी बँक.

दोन-तीन महिन्यांत मी बदलले. रडले वगैरे नाही. नैराश्य म्हणजे रडणं, असं मला तोवर वाटायचं. मला काहीच वाटेनासं झालं. मुलगी पुण्याहून सुट्टीला आली, तिला बघून आनंद झाला नाही. आनंद व्हायला हवा होता एवढं मात्र कळलं. गणपतीत मोदकांच्या पाकळ्या मी दरवर्षी हट्टाने स्वतः काढते, त्या वर्षी बाहेरून मागवले आणि कुणी नावाजले काय न नावाजले काय, मला फरक पडला नाही. पहाटे साडेतीनला जाग यायची आणि वाटायचं, ही सकाळ झालीच नाही तर बरं. मरायचं होतं असं नाही. उठायचं नव्हतं.

नवऱ्याच्या लक्षात आलं होतं. माझ्याही आलं होतं. पण आम्ही दोघांनी, माझ्या बहिणीने, शाखेतल्या सगळ्यांनी, त्याचं एकच कारण धरलं होतं: कॅन्सर आहे, वाईट वाटणारच. या कारणाबद्दल मला आज राग आहे. ते ऐकायला समंजस वाटतं, सहानुभूतीचं वाटतं, आणि पुढचा प्रश्नच बंद करतं. पाय मोडला तर 'मोडला म्हटल्यावर दुखणारच' असं म्हणून कुणी वेदनाशामक नाकारत नाही. कॅन्सर झालेले कितीतरी लोक दुःखी होतात, घाबरतात, आणि तरी त्यांना मोदकाच्या पाकळ्या काढाव्याशा वाटतात. मला वाटत नव्हतं, याचा हिशेब वेगळा लागायला हवा होता.

पुण्याच्या दवाखान्यात दर खेपेला एक फॉर्म भरून घेत. दहा लक्षणं, प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. थकवा, लवकर पोट भरणं, पोटात अस्वस्थ वाटणं, निष्क्रियता, लक्ष न लागणं, रात्रीचा घाम, खाज, हाडं दुखणं, ताप, वजन घटणं. या आजारांसाठी जगभर वापरला जाणारा फॉर्म आहे, आणि उपयोगी आहे. त्याच्या मूळच्या लांब प्रश्नावलीत उदासीचा प्रश्न आहे. दहांच्या छोट्या आवृत्तीत तो गळला आहे. मी तो मन लावून भरायचे: खाज सात, थकवा आठ. लक्ष न लागण्याला आठ दिले तेव्हा समोरच्या शिकाऊ डॉक्टर मुलीने पेन खाली ठेवून विचारलं, "आणि मन कसं आहे?" मी म्हटलं, बरं आहे. ती म्हणाली, "शून्य ते दहा?" मी नऊ म्हटलं. आकड्यात विचारलं म्हणून उत्तर निघालं असावं. आयुष्य आकड्यांत गेलंय.

मोठ्या डॉक्टरांनी त्याच दिवशी दोन गोष्टी केल्या. इंटरफेरॉन थांबवलं, आणि थायरॉइडची चाचणी लिहिली, कारण हे औषध थायरॉइडही बिघडवू शकतं आणि थायरॉइड बिघडलं तरी माणूस असाच मलूल होतो. माझं थायरॉइड ठीक निघालं. मग सांगितलं, मिरजेत मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, आणि मला फोन करायला सांगा.

मिरजेच्या डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या. त्यांनी नऊ प्रश्नांची यादी काढली, पीएचक्यू-९ म्हणतात ती. गेल्या दोन आठवड्यांत झोप? भूक? थकवा? लक्ष लागणं? मी वैतागले. म्हटलं, "डॉक्टर, यातलं निम्मं माझ्या रक्तामुळे होतं. माझी यादी तुमच्या यादीशी जुळणारच." त्यांनी मान डोलावली. म्हणाल्या, "बरोबर आहे. मग ज्याला रक्त जबाबदार नाही तेवढंच बघू." आणि त्यांनी फक्त तेच विचारलं: कशात रस वाटतो का? आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं का? घरच्यांना आपलं ओझं झालंय असं वाटतं का? मेलेलं बरं, असं मनात येतं का? रक्त दाट झालं म्हणून कुणाला आपण निरुपयोगी वाटत नाही. मी पिशवीवरच्या फुलीची गोष्ट पहिल्यांदा त्यांना सांगितली.

मग त्या म्हणाल्या, "आंघोळ टाळता?" मी टाळत होते. घरी वाद होत होते त्यावरून. आंघोळ टाळणं हे नैराश्याचं नेहमीचं लक्षण. माझ्या बाबतीत पाणी अंगावर घेतलं की पाऊण तास जळजळ, म्हणून टाळत होते. निदान सुरुवात तशी झाली होती. पुढे पुढे खाज नसती तरी केली असती का, हे मलाच सांगता येईना. दोन आजार एकमेकांच्या आड असे लपून बसतात. एकाचा माग काढायला गेलं की दुसऱ्याचं कारण हाताशी येतं आणि माणूस तिथेच थांबतो.

गोळी निवडतानाही त्यांनी विचार केला. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्या ॲस्पिरिनबरोबर घेतल्या तर रक्तस्राव होण्याची, विशेषतः पोटात, शक्यता वाढते. म्हणून पुण्याला फोन करून बोलल्या आणि मिर्टाझापिन सुरू केलं, रात्री झोपताना. ते झोप लावतं, भूक वाढवतं, आणि काही जणांची खाजही कमी करतं. या आजारातल्या आंघोळीनंतरच्या खाजेवर तर पॅरॉक्सेटिनसारख्या, मुळात नैराश्यासाठी असलेल्या गोळ्यासुद्धा दिल्या जातात, हे मला तेव्हा कळलं. गोळीचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतील, तोवर सोडायची नाही, हे त्यांनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं. झोप पहिल्याच आठवड्यात आली. वजन वाढलं, ब्लाउज उसवावे लागले. वाटायला लागणं मात्र खूप सावकाश परत आलं. पहिल्यांदा जे वाटलं तो राग होता: रिक्षावाल्याने मिरजेहून दुप्पट भाडं मागितलं आणि मी रस्त्यात उभी राहून कडाकडा भांडले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो खूश झाला.

भीतीसाठी त्यांच्याकडच्या समुपदेशक मुलीकडे जायचे. तिने श्वासाचे व्यायाम शिकवले, ते मला फारसे लागू पडले नाहीत. लागू पडला तो एक कागद. पुण्याच्या डॉक्टरांकडून लिहून आणायला लावला. वरच्या अर्ध्या भागात: तोंड एका बाजूला वाकडं, एका हातातली ताकद जाणं, बोबडी वळणं, अचानक दिसेनासं होणं, छातीत दुखणं, दम लागणं, एकच पाय सुजणं. यातलं काहीही झालं तर विचार न करता मोठ्या दवाखान्यात, फोन नंतर. खालच्या अर्ध्या भागात बाकी सगळं: मुंग्या, डोकं जड, तळपायांची आग, थकवा. हे झालं तर दुसऱ्या दिवशी फोन. तो कागद लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवला. आरशासमोर हसायला जाण्याआधी कागद काढायचा आणि बघायचं, वरचं की खालचं. बँकेच्या माणसाला लेखी सूचना असली की निम्मा ताण जातो. 'काही वाटलं तर कळवा' यात आमचा जीव जातो.

दुसरं, रिपोर्ट. रक्त तपासायला दिलं की संध्याकाळी मोबाइलवर पीडीएफ येते, आणि त्यात लाल रंगात आकडे. मी रात्री दोनपर्यंत एकेक आकडा शोधत बसायचे आणि प्रत्येक शोध मज्जा कडक होण्यावर नाहीतर तीव्र ल्युकेमियावर जाऊन थांबायचा. असं काही रुग्णांत पुढे होऊ शकतं. म्हणूनच तर तपासण्या. आता तपासणी सोमवारी सकाळी देते, शनिवारी कधीच नाही, म्हणजे शंका आली तर दुसऱ्या दिवशी विचारायला डॉक्टर असतात. पीडीएफ मुलीच्या मोबाइलवर जाते. ती मला तीनच आकडे पाठवते: हिमॅटोक्रिट, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. त्यापुढे एक वाक्यही नाही, असं ठरलंय. एकदा तिने हसरा चेहरा जोडला तर मी तासभर विचार करत बसले की आज का जोडला.

तिसरी गोष्ट हास्यास्पद वाटेल. संध्याकाळी सहा ते साडेसहा काळजीची वेळ. दिवसभरात जी काळजी येईल ती वहीत एका ओळीत टिपायची आणि सहापर्यंत पुढे ढकलायची. सहाला गच्चीवर वही घेऊन बसायचं आणि मन लावून काळजी करायची. बऱ्याचशा नोंदी सहा वाजेपर्यंत शिळ्या झालेल्या असतात. ज्या उरतात त्या खऱ्या असतात: मुलीचं लग्न, मला पक्षाघात झाला तर सासूबाईंना कोण उचलेल, औषधं महागली तर. त्यांवर काही करता येण्यासारखं असेल तर करायचं. मुदत ठेवींवर वारसाची नोंद राहिली होती, तेवढी त्यातून झाली.

'सकारात्मक राहा' हे मात्र मला अजून जमलेलं नाही, आणि जमवायचंही नाही. मी लढवय्यी नाही. माझा आजार लढाईसारखा नाहीच. त्याच्याबरोबर रोज उठून बँकेत जायचं असतं.

नोकरीत काय झालं तेही सांगते. मी अर्ज केला की काही काळ कॅशऐवजी दुसरं टेबल द्या. अर्जात दोन्ही कारणं लिहिली, पॉलिसायथेमिया आणि नैराश्य. तेव्हाचे साहेब चांगले होते, मनापासून म्हणाले, "मॅडम, कॅन्सर लिहा फक्त. ते दुसरं कशाला? उगाच रेकॉर्डवर राहील." कॅन्सरने माझी प्रतिष्ठा वाढवली होती, लोक सफरचंदं घेऊन यायचे. नैराश्याला कुणी सफरचंद आणत नाही, सल्ला आणतात. मी ते खोडलं नाही. खरं सांगायचं तर कायदा उलटा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत हिमोफिलिया, थॅलसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार आहेत, माझा नाही. मानसिक आजार मात्र आहे. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला हवं. साहेबांना मी दोन्ही कायद्यांची पानं छापून दिली. टेबल मिळालं, केवायसीचं. रांग तिथेही असते, पण तिथे चूक झाली तर उद्या दुरुस्त करता येते. वर्षभराने मी स्वतः कॅशला परत गेले. नोटांचा तो वास, दुपारी तीननंतरची घाई, पहिल्या तारखेला काचेपलीकडचे ओळखीचे चेहरे. केवायसीच्या टेबलावर बसून मला कळलं की यातलं मला काय काय आवडतं.

गोळी आता कमी डोसवर आहे. रक्ताचं औषध दुसरं आहे. हिमॅटोक्रिट गेल्या खेपेला ४३. आंघोळ रात्री करते, कोमट पाण्याने, अंग टॉवेलने न घासता टिपते. दिवाळीच्या पहाटे मात्र उटणं लावून अभ्यंगस्नान होतंच आणि मग फराळ होईपर्यंत मी हात मांडीखाली दाबून बसते.

पुण्याचे डॉक्टर कधी कधी नव्या रुग्णाला, त्याची आणि माझी परवानगी घेऊन, माझा नंबर देतात. दिवाळीनंतर पंढरपूरकडच्या एका बागायतदाराचा फोन आला. नवीन निदान, वय पस्तिशीचं. पहिला प्रश्न: "ताई, बीट खाल्लं तर चालतं का? आमच्यात डाळिंबाची बाग आहे, ते पण बंद करायचं का?" मी म्हटलं, जेवणात असेल तेवढं खा, लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, पाणी भरपूर प्या, एकादशीला निर्जळी करू नका. मग विचारलं, झोप लागते का? "झोपेचं काय घेऊन बसलात ताई, कॅन्सर आहे." बागेत जाता? "जात नाही. गडी बघतो." कधीपासून? "महिना झाला असेल." डाळिंबाचा बहार धरलेला असताना बागायतदार महिनाभर बागेत जात नाही, हे ऐकून मी फोनवरच खुर्ची ओढून बसले. त्याला फॉर्ममधल्यासारखे शून्य ते दहा गुण विचारले. तो गप्प झाला. बायकोला फोन द्या म्हटलं, तिने घेतला. तिला १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर लिहून घ्यायला सांगितला. २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. आणि सोलापूरला मानसोपचार विभाग कुठे आहे ते विचारून कळवते म्हणाले.

कळवलं. ते अजून गेलेले नाहीत. बायको म्हणते, ते म्हणतात आधी रक्ताचं बघू. मी दर गुरुवारी, कॅश बंद झाल्यावर, त्यांना फोन करते. गेल्या गुरुवारी पहिल्यांदा त्यांनी स्वतः उचलला, आणि विचारलं की त्या गोळीने वजन वाढतं म्हणतात ते खरं का. मी खरं सांगितलं.